शिकवणाऱ्यांचा धर्म

जुळे सोलापुरात पहाटे गाडीला किक मारणाऱ्यांमध्ये दूधवाले असतात, पेपरवाले असतात, तसे प्राध्यापकही असतात. सव्वासातचा पहिला तास गावातल्या एका महाविद्यालयात, साडेदहानंतरचे दोन तास दुसऱ्या महाविद्यालयात, दुपारी घरी येऊन दोन घास आणि संध्याकाळी एखाद्या क्लासमध्ये बारावीची मुले. पाठीवरच्या सॅकमध्ये दोन संस्थांचे दोन हजेरीपट. त्यांच्यासोबत महिन्याच्या अखेरीस भरून द्यायचा एक तक्ता असतो. तारीख, वर्ग, विषय, घेतलेले तास आणि विभागप्रमुखांची सही. त्या तक्त्यातल्या तासांना दराने गुणले की त्या महिन्याचे मानधन निघते. दिवाळीची सुटी आली की रकाने कोरे राहतात, उन्हाळ्यातही तसेच. या शिक्षकांना कागदोपत्री ‘तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक’ म्हणतात आणि बोलताना ‘सीएचबीवाले’. नेट किंवा सेट झालेली असते, पुष्कळांची पीएच.डी.ही झालेली असते. जून आला की पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात मूल्यशिक्षणाला श्रेयांकासह जागा मिळाली आहे. न्याय, समता, श्रमप्रतिष्ठा हे शब्द त्यामुळे वेळापत्रकात आले. मुलांना श्रमप्रतिष्ठा समजावून सांगण्याचा तास उद्या याच सीएचबीवाल्या सरांच्या किंवा मॅडमच्या वाट्याला येऊ शकतो. ज्या संस्थेत हा धडा शिकवला जातो, त्या संस्थेत शिकवणाऱ्याच्या श्रमाला किती प्रतिष्ठा आहे, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

या प्रश्नावर गेली काही दशके गंभीरपणे काम करणाऱ्यांमध्ये कॅथलिक ईशज्ञानाचे, म्हणजे थिऑलॉजीचे प्राध्यापक आहेत. जगभर शेकडो महाविद्यालये आणि विद्यापीठे चालवणाऱ्या एका धर्मसंस्थेच्या आतून त्यांनी विचारले की, आम्ही जे शिकवतो तसे आमच्याच संस्था वागतात का? अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजचे जेम्स कीनन आणि व्हिलानोव्हा विद्यापीठाचे जेराल्ड बेयर यांनी त्यावर ग्रंथ लिहिले. पण या विचाराशी जवळचे नाते असलेले एक प्राध्यापक सोलापूरकरांच्या फार जवळ, पुण्यात, नगर रस्त्यावर शिकवत होते. फादर जॉर्ज सोआरेस-प्रभू हे त्यांचे नाव.

रामवाडीचे विद्यापीठ

वनाज ते रामवाडी ही मेट्रो आता पुणेकरांच्या सवयीची झाली आहे. त्या रामवाडी परिसरात ‘ज्ञानदीप विद्यापीठ’ नावाची संस्था आहे. कॅथलिक धर्मगुरू होऊ पाहणारे तरुण इथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकतात. तिची पदवी रोमच्या मान्यतेची असते. या संस्थेची कहाणी पुण्यात सुरू झाली नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे भारतीय उपखंडासाठी एक सेमिनरी स्थापन केली. इथले धर्मगुरू इथल्याच मातीतले असावेत, हा त्यामागचा विचार होता. १९५५ मध्ये ती सेमिनरी पुण्याला आली. शेजारीच ‘जेझुइट’ या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे डी नोबिली कॉलेज उभे राहिले. १९७० च्या दशकात विद्यापीठाने ‘ज्ञानदीप’ हे भारतीय नाव घेतले.

पुण्यातल्या जेझुइटांना मराठी मुलुख परका नव्हता. फादर गी द्लरी या फ्रेंच जेझुइटाने पंढरीच्या वारीचा अभ्यास करून लिहिलेला ‘द कल्ट ऑफ विठोबा’ हा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रसिद्ध केला. तुकोबांचे अभंग त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. फादर मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेझुइटाने आधुनिक महाराष्ट्रातल्या तत्त्वचिंतनावर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला आणि पुण्यात ‘स्नेहसदन’ उभे केले. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले होते. इथल्या भाषेतून आणि इथल्या प्रश्नांतून धर्माकडे पाहण्याची ही वाट जुनी आहे. सोआरेस-प्रभू यांनी त्या वाटेवरून समाजाच्या रचनेपर्यंत मजल मारली.

त्यांच्या आडनावातच दोन जग एकत्र आले होते, पोर्तुगीज आणि कोकणी. जन्म १९२९ चा. ते जेझुइट झाले, फ्रान्समधल्या ल्योंला जाऊन त्यांनी बायबलचा कठोर शास्त्रीय अभ्यास केला. मत्तयकृत शुभवर्तमानातल्या येशूच्या जन्मकथांवरचा त्यांचा प्रबंध रोमहून १९७६ मध्ये ग्रंथरूपात निघाला. मूळ ग्रीक शब्द, त्यांचे जुन्या करारातले संदर्भ, पाठभेद अशा बारकाव्यांनी भरलेले ते काम आहे. युरोपातल्या कुठल्याही विद्यापीठात या कामावर त्यांची कारकीर्द उभी राहिली असती.

ते पुण्यात नवा करार शिकवत राहिले. आणि शिकवता शिकवता त्यांना जाणवले की, ज्या पद्धतीत आपण तयार झालो, ती ग्रंथाला उत्तम प्रश्न विचारते, पण ते प्रश्न भारतातल्या माणसाचे नसतात. बायबलमधले एखादे वाक्य कोणत्या शतकात लिहिले गेले याचे उत्तर ती देते. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला हे वाक्य काय सांगते, याकडे ती वळत नाही. म्हणून १९८० पासून त्यांचे लेखन वेगळ्या अंगाने जाऊ लागले. विद्वत्तेची शिस्त त्यांनी सोडली नाही. फक्त त्या शिस्तीने विचारायचे प्रश्न बदलले.

गुरुजी कसे शिकवत होते?

१९८२ मध्ये त्यांनी येशूच्या अध्यापनपद्धतीवर एक निबंध लिहिला. मराठीत त्याचे शीर्षक ‘शिक्षक येशू : नाझरेथच्या येशूचे मुक्तिदायी अध्यापन’ असे करता येईल. कोणत्याही बी.एड. महाविद्यालयात चर्चेला घ्यावा असा हा निबंध आहे. येशूच्या शिकवण्याचे पाच गुण त्यांनी त्यात मांडले. ते शिकवणे निवडक लोकांसाठी नव्हते. ते नुसती माहिती देत नव्हते, माणूस बदलत होते. त्याचा आवाज संदेष्ट्याचा, म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणणारा होता. ते संवादाचे होते. आणि ते चिकित्सक होते, रूढ समजुतींची तपासणी करायला लावणारे.

पहिल्या गुणावर जरा थांबायला हवे. त्या काळातले शास्त्री पाठशाळेत शिकवत आणि त्यांचे शिष्य निवडलेले असत. येशू तळ्याकाठी, रस्त्यावर, जेवणाच्या पंगतीत शिकवत होता. ऐकणाऱ्यांत कोळी होते, जकातदार होते, बायका होत्या, आजारी माणसे होती. शिक्षण कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर तो कुठे उभा राहून शिकवतो यातच होते. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. तो आठवला की मराठी वाचकाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

संवादाचा गुण पाहायला लूककृत शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट पुरते. एक कायदेपंडित येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? त्याला व्याख्या हवी असते. येशू गोष्ट सांगतो. लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेला माणूस, त्याला पाहून बाजूने निघून जाणारे दोन धार्मिक लोक आणि ज्याला लोक हलका मानत त्या शोमरोनी माणसाने थांबून केलेली शुश्रूषा. मग येशू प्रश्न उलटा करून पंडितालाच विचारतो, या तिघांतला शेजारी कोण ठरला? उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडून येते आणि ते देताना त्याला स्वतःची जागा दिसते.

अशा शिकवण्याचा परिणाम काय होतो? सोआरेस-प्रभू यांचे म्हणणे असे की, माणसाला दडपून ठेवणाऱ्या समजुतींतून तो सुटतो आणि आपणही किमतीचे माणूस आहोत ही जाणीव त्याला होते. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे त्याआधीपासूनच शोषितांच्या शिक्षणाबद्दल हेच वेगळ्या भाषेत सांगत होते.

‘धर्म’ या शब्दाची निवड

१९८० मध्ये त्यांनी मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनावर लिहिले, तेव्हा इंग्रजी निबंधाला नाव दिले, ‘द धर्म ऑफ जीझस’. ‘एथिक्स’ हा शब्द हाताशी असताना त्यांनी ‘धर्म’ हा शब्द घेतला. त्यामागे विचार होता. एथिक्स म्हटले की नियमांची यादी डोळ्यांसमोर येते, हे करावे आणि हे करू नये. ‘धर्म’ म्हटले की जगण्याची सगळी रीत येते. माणसाचा घरातला, व्यवहारातला, समाजातला वावर त्यात येतो. शिक्षकाचा धर्म, वैद्याचा धर्म असे आपण म्हणतो, तेव्हा हाच अर्थ मनात असतो. येशूची नीती कलमांत मावत नाही. दुसऱ्याची मनापासून काळजी करणारे, मोकळ्या मनाचे जगणे म्हणजे ती नीती, असे त्यांनी मांडले.

पुढच्याच वर्षी त्यांनी येशूच्या ‘देवाच्या राज्या’चा अर्थ नव्या समाजाचे स्वप्न असा लावला. त्या समाजाची तीन लक्षणे त्यांनी सांगितली : स्वातंत्र्य, बंधुता आणि न्याय. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतलेच हे शब्द आहेत. १९८५ मध्ये त्यांनी बायबलमधले गरीब कोण, याचा शोध घेतला. हे गरीब म्हणजे नम्र मनाचे भाविक एवढाच अर्थ काढणे त्यांना पटले नाही. ते समाजातला एक खरा वर्ग होते, अन्यायाशी त्यांचा झगडा होता आणि इतिहास घडवण्याची ताकद त्यांच्यात होती, हे त्यांनी वचनावचनांतून दाखवले.

१९९२ चा त्यांचा निबंध महाराष्ट्राने आवर्जून वाचावा असा आहे. त्याचा विषय येशूच्या पंगती आणि दलित ख्रिस्ती समाज. येशू ज्यांच्याबरोबर जेवला त्यांची यादी त्या काळच्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांना धक्का देणारी होती. त्या पंगतीचा अर्थ मानणाऱ्या चर्चमध्ये जातीने बसण्याच्या जागा ठरत असतील, स्मशानात भिंती असतील, तर तिथे काय उरते? हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या धर्मसमाजाला विचारला.

पंगत हा इथे जुना आणि ज्वलंत विषय आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवत, आणि रयत शिक्षण संस्थेच्या पुढच्या विस्ताराचे बळ त्या ताटांत होते. सोलापूर जिल्ह्यातल्याच पंढरपुरात मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. कोण कोणाबरोबर बसतो यावरून समाजाची नीती कळते, हे या मातीला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती.

सोआरेस-प्रभू यांनी आपला ग्रंथ इतरांच्या ग्रंथाशेजारी ठेवूनही वाचला. १९९४ च्या एका लेखात त्यांनी मत्तयाच्या शेवटी येणारी, साऱ्या राष्ट्रांकडे जाण्याची येशूची आज्ञा आणि बहुजनांच्या हितासाठी फिरा असा भिक्खूंना दिलेला बुद्धाचा उपदेश शेजारी-शेजारी मांडला आणि बौद्ध वचनाच्या उजेडात ख्रिस्ती वचनाचा अर्थ नव्याने लावला. बायबलमध्ये मूर्तिपूजकांची जी टिंगल येते, तिची काळी बाजूही त्यांनी दाखवली. १९९५ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. त्यानंतर ज्ञानदीप विद्यापीठाने त्यांचे विखुरलेले लेखन चार खंडांत एकत्र केले. त्यांचे सहकारी फादर फ्रान्सिस डिसा यांनी संपादित केलेला ‘द धर्म ऑफ जीझस’ हा संग्रह २००३ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला.

गिरणीचा दरवाजा आणि द्राक्षमळा

शिक्षणसंस्थेच्या नीतीचा विचार कॅथलिक परंपरेत मजुरीच्या प्रश्नातून येतो, आणि मजुरीचा प्रश्न सोलापूरला जन्मापासून माहीत आहे. १८७० च्या दशकात इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, तीच पुढे ‘जुनी गिरणी’ झाली. गिरण्यांच्या भोंग्यावर या शहराचे घड्याळ चालायचे. त्या गिरण्यांत कायम कामगार असत, तसे ‘बदली’ही असत. भोंगा झाला की बदलीवाल्याने दरवाज्याशी यायचे. कायम माणूस गैरहजर असला तर आत घेत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी जायचे. काम तेच, साचा तोच, पण उद्याची खात्री नाही.

मे १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे पत्र प्रसिद्ध केले. कँडीची सेमिनरी स्थापन करणारे हेच पोप. मालक आणि कामगार यांच्यात ठरलेली मजुरी केवळ ठरली म्हणून न्याय्य होत नाही, साध्या राहणीच्या कामगाराचा त्यात निर्वाह व्हायला हवा, असे त्यांनी त्यात लिहिले. मजुरांना संघटना करण्याचा अधिकार त्यांनी मान्य केला. त्याच १८९१ मध्ये भारतात सुधारित कारखाना कायदा आला आणि गिरणीतल्या बायकांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा पडली, आठवड्याची सुटी आली. व्हॅटिकनमधला विचार आणि सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांतले वास्तव एकाच वर्षात एकाच प्रश्नाशी आले होते.

मत्तयात एक गोष्ट आहे, ती गिरणगावातल्या माणसाला लगेच कळावी. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर घेतो, एक दिनार रोजावर. नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, तेव्हाही मजूर घेतो. संध्याकाळी पाचला जातो, तरी काही माणसे तिथेच उभी असतात. इथे दिवसभर का उभे, असे विचारले तर म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलेच नाही. दिवस मावळल्यावर मालक सगळ्यांना एकेक दिनार देतो, पहाटेपासून राबलेल्यांना आणि पाचला आलेल्यांनाही. एक दिनार म्हणजे घराची त्या दिवसाची भाकरी. पहाटेचे मजूर तक्रार करतात आणि ती तक्रार आपल्याला समजतेही. तरी ही गोष्ट मजुरीला एक प्रश्न जोडते, ज्याला कोणी बोलावलेच नाही त्याच्या पोटाचे काय? सोलापूरच्या गिरणीच्या दरवाज्यातून परत फिरलेल्या बदलीवाल्याचा प्रश्न हाच होता.

संस्थेने आरशात पाहावे

भारतात कॅथलिक उच्च शिक्षणाची परंपरा मोठी आहे. कलकत्त्याचे सेंट झेवियर्स १८६० चे, मुंबईचे १८६९ चे, चेन्नईचे लॉयोला १९२५ चे. मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारे निर्मला निकेतन १९५५ पासून आहे. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेत उद्योगातल्या नीतीचा अभ्यास करण्यासाठी जे. आर. डी. टाटांच्या नावाने प्रतिष्ठान उभे राहिले. या महाविद्यालयांत शिकलेल्यांत सगळ्या धर्मांची मुले होती आणि आहेत.

इतक्या मोठ्या व्यापाला प्रश्न विचारण्याचे काम आतूनच सुरू झाले. १९७१ मध्ये रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या परिषदेने जगातल्या न्यायावर निवेदन काढले. त्यात एक कसोटी होती : जगाला न्यायाबद्दल सांगायचे असेल तर सांगणारा लोकांच्या नजरेत आधी स्वतः न्यायी असला पाहिजे. चर्चच्या संस्थांत काम करणाऱ्यांचे वेतन आणि अधिकार ही त्या कसोटीची उदाहरणे म्हणून तिथे स्पष्ट लिहिली होती. दोन वर्षांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया इथे जेझुइटांचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे माजी विद्यार्थ्यांपुढे बोलले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न विचारून त्यांनी स्वतःच उत्तर दिले की, नाही घडवले. १९९० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ हा दस्तऐवज काढला. त्यात संशोधनाचे स्वातंत्र्य आणि विद्यापीठाची ओळख यांच्याबरोबर माणसाच्या प्रतिष्ठेची जबाबदारीही आली.

या साऱ्यातून कीनन यांचे ‘युनिव्हर्सिटी एथिक्स’ हे २०१५ चे पुस्तक येते. त्यांचे निरीक्षण साधे आहे. विद्यापीठात वैद्यकीय नीती शिकवतात, वकिलीची नीती शिकवतात, उद्योगाची नीती शिकवतात. विद्यापीठाची स्वतःची नीती मात्र कुठेच शिकवत नाहीत. प्रत्येक विभाग आपल्या संस्थानात बंद असतो आणि शेजारच्या विभागात काय चालले आहे हे विचारण्याची रीत नसते. म्हणून कॉपी, लिंगभेद, शिक्षणाचा बाजार आणि तासावर शिकवणाऱ्यांची परवड हे प्रश्न वेगवेगळे दिसतात. नीतीची संस्कृतीच नसणे हे त्यांचे सामाईक मूळ आहे, असे कीनन म्हणतात. तासावरच्या शिक्षकांसाठी त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले. बेयर यांनी २०२१ च्या ‘जस्ट युनिव्हर्सिटीज’ मध्ये तोच धागा पुढे नेला. चर्चची सामाजिक शिकवण न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क मानते, तर कॅथलिक विद्यापीठांनी आपल्या सफाई कामगारांना आणि शिक्षकांना तो द्यावा, असे त्यांनी ठामपणे मांडले. अमेरिकेतल्या काही कॅथलिक संस्थांनी धर्मस्वातंत्र्याचे कारण देऊन शिक्षक-संघटनांना विरोध केला आहे. त्या विरोधाला बेयर त्याच धर्माच्या शिकवणीतून उत्तर देतात.

हे केवळ पुस्तकी बोलणे राहिले नाही. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन या जेझुइट विद्यापीठात मार्च २००५ मध्ये विद्यार्थ्यांनी सफाई कामगारांच्या वेतनासाठी उपोषण केले. विद्यापीठाने निर्वाहापुरते वेतन आणि संघटनेचा अधिकार मानणारे धोरण स्वीकारले, आणि तासावर शिकवणाऱ्यांची संघटना तिथे २०१३ मध्ये झाली. त्याच विद्यापीठाला त्याहून जड हिशेब चुकता करायचा होता. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी गुलाम म्हणून राबवलेली २७२ माणसे विकली होती आणि त्या पैशाचा काही भाग विद्यापीठाच्या कर्जफेडीला गेला होता. विकलेल्यांत लहान मुले होती. २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइटांनी त्यांच्या वंशजांसमोर माफी मागितली. एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. विक्रीच्या कागदावर हे नाव पहिले होते.

भारतात हा प्रश्न न्यायालयातही गेला. संविधानाचे कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी हा हक्क उचलून धरला. वादातल्या तरतुदींपैकी काही कर्मचाऱ्यांना काढताना कुलगुरूंची मंजुरी घेण्याबद्दल आणि त्यांचे तंटे लवादाकडे नेण्याबद्दल होत्या. त्या अल्पसंख्याक संस्थांना लागू होणार नाहीत, असे ठरले. पण चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे न्यायालयाने १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळी सांगितले होते. संस्थेचे स्वातंत्र्य आणि शिक्षकाची सुरक्षितता यांतली ही ओढाताण फक्त अल्पसंख्याक संस्थांची नाही. ती सगळ्याच संस्थाचालकांच्या दारात उभी आहे. अशा वेळी कायदा कुठपर्यंत भाग पाडतो एवढेच पाहणारी संस्था आणि धर्म काय सांगतो हेही पाहणारी संस्था यांच्यातला फरक शिक्षकाला रोजच्या वागण्यातून कळतो.

पुन्हा जुळे सोलापुरात

गिरण्या बंद पडत गेल्या आणि सोलापूर दक्षिणेकडे पसरले. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या भागात नोकरदारांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या. गिरणीत राबलेल्यांची नातवंडे इथल्या अभ्यासिकांत बसतात. त्यांतली काही एम.ए., एम.एस्सी. होऊन नेट-सेट देतात आणि तासिका तत्त्वावर रुजू होतात. आजोबांच्या तोंडचा ‘बदली’ हा शब्द घरातून गेला होता, तो दुसऱ्या नावाने परत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असे म्हटले होते.

संस्थाचालकांचीही बाजू आहे. पदे मंजूर होत नाहीत, भरतीला वर्षानुवर्षे लागतात आणि वर्गात मुले तर बसलेली असतात. मग तास कुणी तरी घ्यायलाच हवा. हे खरे आहे आणि सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागेल. पण सगळ्याच गोष्टी सरकारच्या हातात नाहीत. सीएचबीवाल्या शिक्षकाला स्टाफरूममध्ये बसायला खुर्ची आहे का? अभ्यासमंडळाच्या चर्चेत त्याचे मत विचारतात का? मानधनाचे बिल महिन्याच्या महिन्याला पुढे सरकते की वर्षअखेरीपर्यंत टेबलावर पडून राहते? पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही, हे त्याला मार्चमध्ये सांगतात की जुलैमध्ये? या गोष्टी प्राचार्यांच्या आणि संस्थेच्या हातातल्या आहेत. सोआरेस-प्रभू ज्याला धर्म म्हणत होते, तो या खुर्चीत आणि या बिलात दिसतो, आणि वर्गातली मुले तो पाहत असतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आपल्या सरांचे काय चालले आहे ते फार लवकर कळते.

प्रवेशाच्या दिवसांत पालक महाविद्यालयाबद्दल पुष्कळ चौकशी करतात. फी किती, वसतिगृह आहे का, नोकऱ्या लागतात का, नॅकची श्रेणी कोणती? या शेवटच्या प्रश्नाशी आणखी थोडे थांबता येते. नॅकच्या सात निकषांपैकी सातवा निकष संस्थेची मूल्ये आणि उत्तम उपक्रम यांचा आहे. संस्था आपल्या स्वयंमूल्यमापन अहवालात तिथे वृक्षारोपण, सौरऊर्जा, योगदिन, महिला सुरक्षा यांची माहिती देतात, आणि ती महत्त्वाचीही असते. त्याच अहवालात दुसऱ्या निकषाखाली मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, याचा आकडा द्यावा लागतो. हा अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो आणि जुळे सोलापुरातल्या कुठल्याही घरात मोबाइलवर उघडतो. सातव्या निकषाची पाने वाचून झाली की मागे जाऊन दुसऱ्या निकषातला तो आकडा पाहायचा आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून मगच मुलाचा किंवा मुलीचा अर्ज भरायला बसायचे.